हैदराबादचे उंदीर आणि आपले ताट

शाकाहाराची बाजू शास्त्राच्या आधारे मांडायची असली की एका भारतीय प्रयोगाचा हवाला हटकून दिला जातो. हैदराबादच्या ज्या प्रयोगशाळेला पुढे राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले, तिथल्या माधवन आणि गोपालन यांनी 1968 साली तो प्रसिद्ध केला. उंदरांच्या दोन गटांना त्यांनी अफ्लाटॉक्सिन, म्हणजे शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणाऱ्या बुरशीचे विष दिले. एका गटाच्या आहारात दुधातले केसीन हे प्रथिन 20 टक्के होते, दुसऱ्याच्या 5 टक्के. भरपूर प्रथिने खाणाऱ्या गटात यकृताचे कर्करोग झाले, कमी प्रथिने खाणाऱ्यांत झाले नाहीत. अमेरिकेतले टी. कॉलिन कॅम्पबेल यांनी पुढची अनेक वर्षे या निष्कर्षाचा पाठपुरावा केला आणि 2005 सालच्या ‘द चायना स्टडी’ या पुस्तकातून तो जगभर पोचवला. आता तो आपल्याकडे परत आला आहे तो ‘दूध सोडा, कर्करोग टाळा’ एवढ्या आटोपशीर रूपात.

या रूपात एक गोष्ट गळून पडते. कमी प्रथिनांवरचे बरेच उंदीर कर्करोग होण्याइतके जगलेच नाहीत. माधवन आणि गोपालन यांनीच 1965 मध्ये दाखवले होते की प्रथिने तुटपुंजी असली तर त्याच विषाने कोवळ्या उंदरांच्या यकृताची अधिक हानी होते. गोपालन यांचे आयुष्य कुपोषणाच्या अभ्यासात गेले. ज्याच्या ताटात प्रथिने थोडी आणि धान्य बुरसटलेले, त्याचे काय होते, हा त्यांच्या देशातला प्रश्न होता. खाऊनपिऊन सुखी माणसाने काय वर्ज्य करावे, हा प्रश्न त्या आकड्यांना नंतर विचारला गेला. विचारायला हरकत नाही. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर झाकून दुसऱ्याचे मिरवणे मला अप्रामाणिक वाटते.

वनस्पतिज प्रथिने कर्करोगापासून वाचवतात हा मुद्दा आला तो कॅम्पबेल यांच्या स्वतःच्या प्रयोगांतून, आणि ते काम खरोखर चांगले आहे. अफ्लाटॉक्सिन दिलेल्या उंदरांना केसीनऐवजी तितकेच गव्हातले ग्लुटेन दिले, तर यकृतातले कर्करोगपूर्व पेशींचे पुंजके फारसे वाढत नाहीत, असे दिसले. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पण त्याच गटाने 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ग्लुटेनमध्ये लायसिन हे अमिनो आम्ल वरून घातले होते. गव्हात ते कमी असते. ती उणीव भरून काढताच ग्लुटेन केसीनसारखेच वागू लागले. म्हणजे बचाव वनस्पतीच्या अंगच्या कोणत्या गुणाने होत नव्हता. ग्लुटेन अपुरे होते, उंदराच्या वाढीला ते पुरत नव्हते. आणि जिथे सगळीच वाढ खुंटते तिथे रोगट पेशींचीही खुंटते.

आता आपल्या जेवणाकडे पाहा. पोळीत लायसिन कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत जे कमी पडते ते धान्य पुरवते. पोषणाच्या कुठल्याही शालेय पुस्तकात हे कौतुकाने लिहिलेले असते. म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीतून जे घातले, ते आपण रोज वाटीने वाढून घेतो. उंदरांवरचा निष्कर्ष जसाच्या तसा माणसाला लावायचा, तर वरण-पोळी दुधाइतकीच धोक्याची ठरेल. तसे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. पण मग दुधाविरुद्ध तोच पुरावा कोणत्या तोंडाने पुढे करायचा?

प्राणी बदलला की उत्तरही बदलते. दिल्लीच्या एम्समध्ये ऱ्हीसस माकडांना दीर्घकाळ अफ्लाटॉक्सिन देण्यात आले, तेव्हा कर्करोगाकडे झुकणारे बदल दिसले ते कमी प्रथिने खाणाऱ्या माकडांत. माकड आपल्याला उंदरापेक्षा जवळचे, म्हणून तेच खरे, असे मी म्हणणार नाही. सोयीचा प्राणी निवडण्याचा मोह दोन्ही बाजूंना होतो.

वनस्पतिज प्रथिनाने स्वतःच्या गुणावर कर्करोग रोखल्याचे उदाहरण हवे असेल तर ते सोयाबीनमध्ये आहे. बोमन-बर्क या नावाने ओळखले जाणारे, अवघ्या 71 अमिनो आम्लांचे हे प्रथिन ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन या पाचक विकरांना अडवते. अमेरिकेत ॲन केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्यावर वर्षानुवर्षे काम केले: लहान जातीच्या उंदरांत मोठ्या आतड्याचा, हॅमस्टरच्या गालाच्या पिशवीतला, असे निरनिराळे कर्करोग त्याने कमी केले. पण ट्रिप्सिन अडवणारी प्रथिने असलेले कच्चे सोयापीठ मोठ्या जातीच्या उंदरांना दीर्घकाळ दिले, तर त्यांचे स्वादुपिंड फुगते आणि त्यात गाठी होतात. जातीने मोठा उंदीर आणि लहान उंदीर यांचेही एकमेकांशी जुळत नाही! हॅमस्टरच्या गालावरून आशा बाळगून माणसाच्या तोंडातल्या कर्करोगपूर्व पांढऱ्या चट्ट्यांवर या प्रथिनाची चाचणी झाली. 2013 मध्ये तिचा निकाल आला: औषध म्हणून दिलेल्या नुसत्या बनावट मात्रेपेक्षा ते सरस ठरले नाही. तंबाखूने तोंडे सडवून घेणाऱ्या महाराष्ट्राला या निकालाची बातमी सोयाच्या जाहिरातींइतक्या ठळकपणे कधी मिळाली नाही.

प्राण्यांवरचे प्रयोग फुकट जातात असा याचा अर्थ लावणे चूक ठरेल. अफ्लाटॉक्सिन यकृतात कसे घातक रूप घेते आणि प्रथिने कमी पडली की ते काम करणारी विकरे कशी मंदावतात, हे उंदरांशिवाय कळले नसते. पण केसीन आणि ग्लुटेनच्या या सगळ्या प्रयोगांत एक घटक कायम होता, तो म्हणजे विष. ते दिल्याशिवाय केसीनला वाढवायला पुंजकेच नव्हते. ताटातल्या प्रथिनांवर एवढी शाई खर्च होते. शेंगा नीट वाळल्या का, पोती ओलीला लागली का, यावर त्याच्या दशांशही होत नाही. 1974 मध्ये अवेळी पावसाने मका भिजला आणि राजस्थानातल्या बांसवाड्यात व गुजरातेतल्या पंचमहालात शेकडो लोकांना कावीळ झाली, शंभरच्या आसपास दगावले. बहुतेक गरीब आदिवासी होते. दूध-दुभते त्यांच्या ताटात फारसे नव्हते. होता तो बुरशी लागलेला मका, कारण दुसरे धान्य घरात नव्हते.