मागे कोण राहिले?



नाताळच्या सुट्टीत आपण तोरणमाळला पायी गेलो होतो. आपल्या धर्मग्रामातील कुटुंबे होती, चर्चमागच्या गल्लीतले शेजारीही होते. निघताना मोजले तेव्हा ४३ जण भरले. राणीपूरपर्यंत गाड्या केल्या आणि तिथून घाटाने चालायला लागलो. सकाळची थंडी, सातपुड्याची मोकळी हवा, पिशवीत भाकरी आणि ठेचा. आपल्या मुलांनी नाताळची गाणी म्हटली, शेजाऱ्यांच्या मुलांनी त्यांत सूर मिसळला. वर यशवंत तलावाच्या काठी सर्वांनी एकत्र जेवायचे ठरले होते.

परत आल्यापासून अनेक जण विचारतात, "फादर, पुन्हा केव्हा?" पुन्हा जायचेच आहे. पण त्याआधी त्या दिवशी माझ्या हातून काय चुकले ते मला सांगितले पाहिजे. ज्या कुटुंबाशी हा प्रसंग निगडित आहे, त्यांना विचारूनच लिहीत आहे.

मी पुढच्या मुलांबरोबर चालत होतो. चाळिशी उलटली तरी अजून दम लागत नाही, याचा मनातून थोडा अभिमानही वाटत होता. वाटेत शेजारची एक मुलगी दगडावर टेकलेली दिसली. वय १४ वर्षे. मी हसत म्हणालो, "एवढ्यात दमलीस? आजीबाई बघ कधीच्या पुढे गेल्या." ती ओशाळून उठली, चार पावले चालली. मी पुढे निघून गेलो.

तलावाजवळ पोहोचल्यावर जेवणाआधीच्या प्रार्थनेसाठी सर्वांना गोळा केले आणि मोजले. ४१. पुन्हा मोजले. ४१च. ती मुलगी नव्हती, आणि वनखात्यातून निवृत्त झालेले आपले शेजारी काकाही नव्हते. ज्या काकूंबरोबर ती आली होती त्या म्हणाल्या, "मला वाटलं, मैत्रिणींबरोबर असेल." मैत्रिणी म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, काकूंबरोबर असेल." मी तर तिला डोळ्यांनी पाहिले होते. तरी माझ्याही मनात तेच होते : असेल कुणाबरोबर तरी.

आम्ही तिघे उलट पावली घाट उतरलो. ती दोघे एका झाडाखाली सापडली. काकांनी आपली शाल तिच्या अंगावर घातली होती आणि ते तिला घोट घोट पाणी पाजत होते. पाय आणि कंबर इतकी दुखत होती की तिला उभे राहवत नव्हते. तिला सिकलसेलचा आजार आहे. घरच्यांना ते माहीत होते. पण "सांगितलं तर मला नेणार नाहीत" म्हणून तिने कुणालाही कळू दिले नव्हते. गाडी बोलावून तिला दवाखान्यात नेले. देवाच्या दयेने ती आता बरी आहे.

सिकलसेल हा आईवडिलांकडून मुलांकडे येणारा रक्ताचा आजार आहे. आपल्या जिल्ह्यातील आदिवासी समाजात तो अनेक घरांत आढळतो. रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, अतिश्रम आणि अंगातले पाणी कमी होणे ही त्याची नेहमीची निमित्ते. त्या सकाळी तिन्ही होती. वरून मी तिची थट्टा केली होती.

मी काकांची क्षमा मागू लागलो. ते म्हणाले, "फादर, मी दिवाळीत अस्तंब्याला जातो. डोंगरात मागच्याच्या पायानं चालायचं असतं." आपल्याला ठाऊक आहेच, धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याच्या यात्रेसाठी आपले कितीतरी शेजारी जथ्याजथ्याने अस्तंब्याचा डोंगर चढतात. त्या चालण्यातून काका जे शिकले, ते त्यांनी मला एका वाक्यात शिकवले. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मी संत थॉमस अक्वायनस वाचले. प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, असे ते सांगतात. परीक्षेत त्यावर मला चांगले गुण मिळाले होते. घाटात मात्र मी नापास झालो. कारण कुणाचे भले इच्छिण्याआधी त्याच्याकडे नीट पाहावे लागते.

तुम्हाला आता लूकच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय आठवला असेल. वल्हांडण सणासाठी नाझरेथची मंडळी डोंगरावरच्या यरुशलेमला पायी जात. वाट अनेक दिवसांची, म्हणून नातलग आणि शेजारी मिळून निघत. परतताना बारा वर्षांचा येशू मागे राहिला. मरिया आणि योसेफ एक दिवसाची वाट चालून गेले, कारण तो सोबतच्या मंडळींत असेल असे त्यांना वाटले. किती प्रेमळ आईवडील! तरीही त्यांच्या मनात तेच आले : असेल कुणाबरोबर तरी.

यात त्यांचा निष्काळजीपणा शोधू नका. आपल्या शेजाऱ्यांवर त्यांचा विश्वास होता आणि तो चांगलाच होता. पण सगळेच एकमेकांवर विसंबले की, एखादे लेकरू कुणाच्याच हातात उरत नाही. मला धीर देणारी गोष्ट पुढे आहे. चूक कळताच ती दोघे मागे फिरली. चाललेली वाट वाया गेली म्हणून कुरकुरली नाहीत. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडेपर्यंत त्यांनी शोध सोडला नाही. पवित्र कुटुंब असे मागे फिरणारे कुटुंब आहे.

उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात याकोबही हेच शिकवतो. भाऊ एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब उत्तर देतो की माझी मुले नाजूक आहेत, दुभती गुरे आहेत. एक दिवस दामटले तर कळप मरून जाईल. तू पुढे हो, मी त्यांच्या चालीने हळूहळू येतो. घरचा कर्ता असा असावा. धर्मगुरूही असाच असावा.

पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी पियेर जॉर्जियो फ्रासाती या इटालियन तरुणाला संत म्हणून घोषित केले. मित्रांना घेऊन आल्प्सचे डोंगर चढणारा आणि तुरिन शहरातील गरीब आजाऱ्यांच्या घरी औषध पोहोचवणारा हा तरुण १९२५ साली, वयाच्या अवघ्या २४व्या वर्षी, पोलिओने गेला. तो आजारी पडला तेव्हा घरात आजी मरणशय्येवर होती. सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे. धडधाकट पोराला काय होणार, असे वाटले. त्याचे दुखणे किती गंभीर आहे हे कळेपर्यंत फार उशीर झाला होता. संताच्या घरातही असे घडू शकते.

प्रिय भाविकहो, आपला धर्मग्रामही एक चालणारा जथाच आहे. रविवारी चर्च भरलेले दिसते आणि आपल्याला बरे वाटते. पण मोजतो कोण? दिवाळीनंतर पाड्यांतून कितीतरी जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात, ती होळीपर्यंत परतत नाहीत. मागे उरलेल्या म्हाताऱ्यांना औषध कोण आणून देतो? भांडणानंतर मिस्साला यायचे थांबलेले एक घर आहे. दारूच्या व्यसनात अडकलेला एक तरुण आहे. नवरा गेल्यापासून दार लावून बसलेली एक बहीण आहे. त्यांच्याविषयी आपण काय म्हणतो? "असेल कुणीतरी त्यांच्याकडे बघणारं." त्यांतल्या काहींच्या दारावरून मीही पुढे निघून गेलो आहे. या आठवड्यात प्रत्येक घराने असा एक माणूस आठवावा आणि त्याच्या दारी जावे. तो आपल्या चर्चचा नसला तरीही. घाटात आपल्या आधी थांबला तो आपल्या चर्चचा नव्हता.

उपवासकाळ सुरू होण्याआधी आपण पुन्हा तोरणमाळला जाऊ. सकाळच्या मिस्सानंतर निघू. प्रत्येकाने पुरेसे पाणी आणि एक उबदार कपडा घ्यावा. कुणाला काही आजार असेल तर मला अगोदर येऊन सांगावे; त्यासाठी कुणालाही वगळले जाणार नाही. सिकलसेलची रक्ततपासणी अजून केली नसेल त्यांनी ती सरकारी दवाखान्यात करून घ्यावी. चालताना जोड्या राहतील आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर आपण सर्वांना मोजू. ती मुलगीही येणार आहे. डॉक्टरांना विचारून ठरवले आहे की ती वरपर्यंत गाडीने येईल आणि तलावाकाठी आपल्याबरोबर फिरेल.

पुढे कोणीही चालावे. सर्वांत मागे काका आणि मी असू.

प्रभू येशू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू