अवयव आणि अर्थ

जपानी भाषेचा शब्दसंग्रह आत्मसात करू पाहणाऱ्यास कांजी या चिनी उगमाच्या लिपिचिन्हांशी सख्य करावेच लागते. नित्य वापराच्या चिन्हांची जी अधिकृत यादी २०१० साली सुधारण्यात आली, तिच्यात २१३६ चिन्हे आहेत. ती एकमेकांस जोडून शब्द घडतात. वीज आणि गाडी मिळून ‘देन्शा’, म्हणजे विजेवर चालणारी आगगाडी. वीज आणि बोलणे मिळून ‘देन्वा’, म्हणजे दूरध्वनी. एक चिन्ह उमगले, की अनेक शब्दांची दारे किलकिली होतात.

मोहही येथेच उद्भवतो. ‘कामात गढलेला’ या अर्थाच्या चिन्हात एका बाजूस हृदय व दुसऱ्या बाजूस नाश आहे. ‘अतिव्यग्र माणसाचे हृदय मेलेले असते’ हे प्रवचन मग आयतेच हाती येते. परंतु नाशाच्या त्या चिन्हाचा उच्चार ‘बो’, आणि संपूर्ण चिन्हाचा चिनी वळणाचा उच्चारही ‘बो’च. तो अवयव तेथे मुख्यत्वे ध्वनी सुचविण्यासाठी आला आहे. संकट या अर्थाच्या ‘किकी’ शब्दात धोका आणि संधी दोन्ही दडल्याचे व्याख्यानांतून सांगितले जाते. त्यातील दुसरे चिन्ह तेथे केवळ निर्णायक क्षण सुचविते. तो क्षण शुभच असेल, असे नाही.

बोध उत्तम असेल, तर त्याचा आधार खोटा असल्याने काय बिघडते? स्मरणासाठी रचलेली गोष्ट गोष्ट म्हणूनच सांगितली, तर त्यात असत्य नाही. विद्यार्थ्याला ती काठीसारखा आधार देते. तीच पुरावा म्हणून पुढे केली, की श्रोत्याच्या विश्वासाचा आपण गैरफायदा घेतो, आणि ज्यांची ती भाषा त्यांच्या तोंडी आपले विचार घालतो.

आपल्या व्याकरणात ‘योगरूढ’ अशी संज्ञा आहे. चिखलात जन्मणारे पुष्कळ, पण पंकज म्हणजे कमळच. अवयव वाट दाखवितात. अर्थ ठरवितो तो लोकव्यवहार. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ साली कागोशिमा येथे उतरले, तेव्हा परमेश्वरासाठी त्यांनी प्रथम ‘दाइनिची’ हा शब्द स्वीकारला. ‘महान’ आणि ‘सूर्य’ हे त्याचे अवयव निर्दोष वाटतात. पण शिंगोन पंथाच्या बौद्धांसाठी ते वैरोचन बुद्धाचे नाव होते. ऐकणाऱ्यांच्या मनातील अर्थ ध्यानी येताच संतांनी तो शब्द टाकला व लॅटिनमधील ‘देउस’ योजला.

परभाषेच्या अभ्यासकाला म्हणून बोलण्याआधी पुष्कळ ऐकावे लागते. शेजाऱ्याविषयी खोटी साक्ष न देण्याची आज्ञा त्याच्या शब्दांनाही लागू पडते.