बाहेरचे वचन आणि घरचे वचन

रुग्णसेवेला ‘व्यापार’ हा शब्द लावलेला आमच्या पिढीच्या कानाला खटकतो. परंतु खटकणे हा काही युक्तिवाद नव्हे. वैद्य पूर्वीही दक्षिणा घेतच असत, आणि परमुलखातून आलेल्या रोग्याला दारातून परत पाठवणे आपल्याकडे कधी शोभादायक मानले गेले नाही. २००३ साली दिल्ली-लाहोर बस पुन्हा सुरू झाली तेव्हा एक पाकिस्तानी बालिका हृदयावरील शस्त्रक्रियेसाठी बंगळूरला आली होती; साऱ्या देशाने तिचे कौतुकच केले. तेव्हा परदेशी रुग्णाने येथे यावे की नाही, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मला प्रश्न पडतो तो शासनाने दिलेल्या वचनांचा: कोणते वचन पाळलेच पाहिजे असे आपण मानतो, आणि कोणते पाळले नाही तरी चालते?

जानेवारी १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेबरोबरच सेवाव्यापाराचा सर्वसाधारण करार, म्हणजे ‘गॅट्स’, लागू झाला. सेवा देशाची सीमा कशी ओलांडते याचे चार मार्ग त्यात सांगितले आहेत. आरोग्यापुरते बोलायचे तर, येथील तज्ज्ञाने परदेशातील रुग्णाचे क्ष-किरण चित्र येथूनच तपासणे, रुग्णाने स्वतः परदेशी जाणे, परकीय भांडवलाने येथे रुग्णालय उभारणे, आणि डॉक्टर वा परिचारिकांनी काही काळ परदेशी जाऊन सेवा देणे. (चौथ्या मार्गावर केरळने कित्येक संसार उभे केले आहेत, तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) भारताने रुग्णालयांत ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भागभांडवल येऊ देण्याचे बंधन या करारात स्वीकारले. पुढे २००० साली आपल्याच धोरणाने ही मर्यादा १०० टक्क्यांवर नेली.

हे दोन आकडे एकाच जातीचे नाहीत. १०० टक्के ही आपण आपल्या मर्जीने दिलेली मुभा आहे. उद्या शासनाला ती आवरती घेता येईल. ५१ टक्के मात्र इतर राष्ट्रांना दिलेले वचन आहे. ते मागे घ्यायचे तर आधी सूचना द्यावी लागते, वाटाघाटींना बसावे लागते आणि भरपाई म्हणून दुसऱ्या एखाद्या क्षेत्रात सवलत द्यावी लागते. त्या संघटनेचे अपिलीय मंडळ डिसेंबर २०१९ पासून ठप्प आहे हे खरे. तरीही जाब विचारण्याची रीत तेथे लेखी आहे.

आता घरच्या वचनांकडे पाहू. पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, असे भोर समितीने १९४६ साली लिहिले. मार्च १९८८ मध्ये केंद्र शासनाने रुग्णालयांना परदेशी यंत्रसामग्रीवरील सीमाशुल्क माफ केले, त्याला अटी होत्या: बाह्यरुग्णांपैकी किमान ४० टक्क्यांना मोफत उपचार, आणि मासिक ५०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आंतररुग्णांसाठी १० टक्के खाटा राखीव. यंत्रे आली. अटींचे काय झाले? १९९४ साली ती माफीच रद्द झाली, आणि १९९६ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की ज्यांनी लाभ घेतला त्यांची मोफत उपचारांची जबाबदारी संपलेली नाही, ती अमलात आणवून घ्या. शासकीय सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. ज्या अटीसाठी मासिक विवरणपत्रात रकाना नसतो, ती अट मंजुरीच्या आदेशाखालची सही वाळेपर्यंतच जिवंत असते. शुल्क माफ झाल्याचा हिशेब ठेवणारे खाते होते. गरिबाला खाट मिळाली की नाही, हे मोजणे कोणाचेच काम नव्हते.

२००२ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने परकीय चलन देणाऱ्या रुग्णावरील उपचारांना ‘मानीव निर्यात’ ठरवून निर्यातीच्या करसवलती देऊ केल्या. शब्द चपखल आहे, आणि म्हणूनच अस्वस्थ करणारा आहे. निर्यात शिलकी मालाची करावी, असा साधा व्यवहार आहे. आमच्या हैदराबादेत मुसीकाठच्या उस्मानिया रुग्णालयाच्या वॉर्डांत जुलै २०२० मध्ये पावसाचे पाणी शिरले आणि ती ऐतिहासिक इमारत बंद करावी लागली. त्याच शहरातील खाजगी रुग्णालयांत परदेशी रुग्णांसाठी दुभाषे नेमलेले असतात. त्या दुभाष्यांवर माझा राग नाही. परक्या शहरात आजारी पडलेल्याला आपली भाषा ऐकू यावी, यासारखा दिलासा नाही, हे पिढ्यानपिढ्या परप्रांतात राहिलेल्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. पण शिल्लक कोठे आहे?

यावर उत्तर दिले जाते की परकीय पैशाने तज्ज्ञ देशातच राहतात आणि त्यांचे कौशल्य शेवटी सर्वांच्याच कामी येते. ते अगदीच खोटे नाही. परंतु ‘शेवटी’ म्हणजे केव्हा? थायलंडमध्ये १९९७ च्या आर्थिक अरिष्टानंतर खाजगी रुग्णालये परदेशी रुग्णांकडे वळली. २००२ पर्यंत तेथील शासनाने सर्व नागरिकांना आरोग्यसंरक्षण दिले. सरकारी दवाखान्यांत गर्दी वाढत असतानाच बँकॉकची खाजगी रुग्णालये तज्ज्ञांना ओढून घेत होती. म्हणजे ज्या देशाने दोन्ही वचने मनावर घेतली, त्यालाही ताण चुकला नाही. आपल्याकडे २०१७ च्या धोरणाने सार्वजनिक आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. ते साधले नाही, आणि त्याबद्दल कोणालाही भरपाई मागता आली नाही.

उपाय अगदीच अज्ञात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि देयकांच्या एकूण रकमेचे दोन टक्के वेगळ्या निधीत जमा करायचे असतात. योजनेबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत. पण तेथे निदान निधीचे खाते आहे, आणि खाते असले की लेखापरीक्षक येतो. परदेशी रुग्णाच्या देयकातील असाच ठरावीक हिस्सा त्याच जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयाकडे वळवला, तर पाहुण्याच्या आतिथ्यात उणेपणा येणार नाही. आणि आरोग्यसेवांच्या बाबतीत यापुढे कोणत्याही व्यापारकरारात नवे बंधन स्वीकारण्यापूर्वी हे खाते आधी उघडलेले असावे, एवढा आग्रह आपल्या लोकप्रतिनिधींकडे धरण्यास आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही.