क्लार्क, कारकून आणि गुमास्ता

‘क्लार्क’ हा इंग्रजी शब्द आपण इतक्या सहजतेने, आणि बहुधा काहीशा तुच्छतेने, उच्चारतो की त्याचे कूळ धर्मपीठातले असेल अशी शंकाही येत नाही. ग्रीक ‘क्लेरोस’ म्हणजे चिठ्ठी टाकून वाट्याला आलेला भाग. त्यावरून लॅटिन ‘क्लेरिकस’, म्हणजे धर्मसेवक. मध्ययुगीन युरोपात लिहिता-वाचता येणारा बहुतेक हाच वर्ग, म्हणून पाद्री आणि लेखनिक या दोघांना एकच शब्द पुरला. इंग्लंडात तर आरोपीला बायबलातील वचन वाचता आले की तो धर्मसेवकांत गणला जाई व पुष्कळदा फासावरून सुटे. ही सवलत १८२७ साली रद्द झाली. अक्षर येते त्याला शिक्षा कमी, हा न्याय मात्र कचेऱ्यांतून पुरता गेला आहे असे वाटत नाही.

होसकोटे म्हणजे कानडीत नवा कोट. १६३८ नंतर बंगळूर, कोलार यांच्यासह हा मुलूख शहाजीराजांच्या जहागिरीत होता. त्यांचे कारभारी नारोपंत हणमंते. त्यांचेच पुत्र रघुनाथपंत यांनी पुढे शिवाजीमहाराजांच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश रचून दप्तरातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तथापि ‘कारकून’ काही मराठीतून हटला नाही. फारसीत त्याचा अर्थ काम करणारा. इकडे कानडीत त्यालाच गुमास्ता म्हणतात. तोही फारसीच, पण अर्थ नेमलेला.

एकाच खुर्चीला ही तीन नावे, आणि तिन्हींची नीती निराळी. समजा, एखाद्या विधवेचे कुटुंब-निवृत्तिवेतन दोन कागदांवर नावाचे स्पेलिंग जुळत नाही म्हणून अडले. गुमास्ता म्हणेल, मी नेमलेला, नियम वरचा. क्लार्क म्हणेल, कागदावर आहे तेच प्रमाण. कारकुनास ही पळवाट नाही, कारण त्याच्या नावातच करणे आहे. अडवणूक झाली तर ती त्याने केली. खाली सही वरिष्ठांची असते हे खरे. परंतु ती सही टिपणातील शब्दांवर होते, आणि दिवसाला शेकडो कागद पाहणारा अधिकारी टिपणापलीकडचे क्वचितच पाहू शकतो.

नियम मोडावा असे माझे म्हणणे नाही. नियमाबाहेर जाऊन दयाळू होणारा उद्या नियमाबाहेर जाऊन लोभीही होईल. पण शपथपत्र घेऊन नावातील फरक मान्य करण्याची वाट बहुधा त्याच नियमांत असते. ती टिपणात लिहावी की गाळावी, हे वरून कोणीही सांगत नाही.