दोष कुणाचा, फडकं कुणाचं?

जर्सी सिटीतलं भाड्याचं घर सोडायला दोन दिवस उरले होते. डिपॉझिट पूर्ण परत हवं असेल तर ओव्हन स्वच्छ करून द्यायचा होता. आम्ही दोघे रूममेट निवांत, कारण ओव्हन ‘सेल्फ-क्लीनिंग’. त्या एका बटणाच्या भरवशावर दीड वर्ष आम्ही आत फडकं फिरवलं नव्हतं.

बटण दाबलं. दाराच्या लॉकचा दिवा लुकलुकत राहिला. पुढे काहीच नाही.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी रीस्टार्ट. ब्रेकर मिनिटभर बंद, पुन्हा चालू. तेच. मग मॅन्युअल उघडलं. हा ओव्हन स्वतःला धूत वगैरे नाही. तो सुमारे ४८० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि आतल्या खरकट्याची राख करतो. ती राख पुसायची आपणच. एवढ्या उष्णतेत दार उघडलं जाऊ नये म्हणून आधी मोटर दाराची कडी लावते. कडी बसल्याचं एका छोट्या स्विचने कळवलं, तरच ओव्हन तापायला लागतो.

टॉर्च मारून पाहिलं. कडीच्या खाचेत जळकी चिकटी घट्ट बसली होती. जी घाण साफ करायची, तीच सफाई सुरू होऊ देत नव्हती.

“हे तुझं चिकन आहे.”

“तुझ्या पिझ्झ्याचं चीजही असेल.”

अर्धा तास वाद. कोळसा झाल्यावर चिकन आणि चीज सारखंच दिसतं.

ऑफिसात सिस्टिम पडली की आम्ही ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ करतो. कुणावर बोट दाखवायचं नाही, कारण शोधायचं. मला ते पटतं. भीती नसली की माणसं खरं बोलतात. हॅना आरेंट यांनीही दोष आणि जबाबदारी वेगळे केले होते. दोष ज्याने कृत्य केलं त्याचा, पण आपण न केलेल्या गोष्टीची जबाबदारीही समूहाचा भाग म्हणून आपल्यावर येऊ शकते.

मग म्हणावं का, ‘जाऊ दे, दोष कुणाचाच नाही, करून टाकू’? इथे मी अडतो. आमच्या घरी ओट्यावर दूध उतू गेलं की कुणी कुणाला बोलायचं नाही. किती समजूतदार घर! फक्त दर वेळी ओटा आई पुसायची. दोष कुणाचाच नव्हता, काम मात्र तिचं ठरलेलं होतं. ज्याला घाण बघवत नाही, त्याच्याच हाती फडकं येतं.

आमच्या पोस्टमॉर्टेममध्ये शेवटी एक तक्ता असतो: काम काय, कुणाकडे, कधीपर्यंत. दोषाचा रकाना रिकामा चालतो, पण कामासमोरचा नाही. तो रिकामा ठेवणं म्हणजे क्षमा नव्हे. ते ओझं गुपचूप दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणं आहे.

ब्रेकर बंद करून रूममेटने खाच खरवडली. मी जाळ्या बाहेर काढून घासल्या. मग बटण दाबलं. कडी खट्कन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळाशी मूठभर राख होती. ती पुसायची पाळी माझी.