पाऊस फिरला, हे कोणाचे प्रारब्ध?

जुन्नर तालुक्यातील आणे येथे रंगदासस्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा महाप्रसाद होतो. पंगतीवर पंगती उठतात. पण त्याच पठारावरची बाजरी पावसावाचून करपते. कुकडीचे पाणी खालून कालव्याने जाते, ते आपण होऊन वर चढत नाही. आंबेगावातील सातगाव पठारावरचा बटाटाही आभाळाकडेच डोळे लावून असतो. आता तर लांबच लांब उघडीप, नि मग एका रात्रीत माती वाहून नेणारा पाऊस! आपण म्हणतो, “प्रारब्ध हो, दुसरं काय!”

आम्हांस हे पटत नाही. कोळसा-तेल जाळून हवा तापवली जगाने. त्यात आपली मोटार, आपली वीजही आली. एकाने करावे नि दुसऱ्याच्या शिवाराने भोगावे, याला प्रारब्ध कसे म्हणावे? हे आपल्यावरचे ऋणच होय. तुकोबारायांनी तर दुष्काळ सोसून आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली. आपण निदान घेतलेले फेडू या!

यात्रेला जाल तेव्हा प्रसाद घ्याच. पण एक दिवस आधी जाऊन ताल-बांधाला चार दगड लावा, हुलग्या-मटकीचे बी द्या. आणि कालव्याखालच्या बागायतदाराने उसाच्या पाण्यातला वाटा सोडायची तयारी ठेवावी. तेथेच आपल्या माळेची परीक्षा आहे.