मग ती माफी मी खरी मानली असती

‘काका, सेल्बेक यांनी माफी मागायला नको होती. संपादकानं छापलं, तर शेवटपर्यंत पाय रोवून उभं राहावं.’

‘अगं, काय काय घडत होतं ते बघ. डेन्मार्कच्या ‘युलँड्स-पोस्टन’नं सप्टेंबर २००५मध्ये प्रेषित मुहम्मदांची व्यंगचित्रं छापली. वेब्यर्न सेल्बेक तेव्हा नॉर्वेतल्या एका छोट्या ख्रिस्ती वृत्तपत्राचे संपादक. त्यांनी १० जानेवारी २००६ला ती पुन्हा छापली. ४ फेब्रुवारीला दमास्कसमधला नॉर्वेचा दूतावास पेटवला. तीन दिवसांनी अफगाणिस्तानात मैमनाच्या तळावर जमाव चालून गेला, जमावातलीच माणसं मेली. तळावरच्या नॉर्वेजियन शिपायांनी काही अंक काढला नव्हता.’

‘म्हणून आग लावणाऱ्यांचं पाप संपादकाच्या माथी? मग काय छापायचं ते जो आधी काडी ओढेल तोच ठरवणार.’

‘पाप आग लावणाऱ्यांचंच. पण १० फेब्रुवारीला ऑस्लोत सेल्बेक नॉर्वेच्या इस्लामिक कौन्सिलच्या मोहम्मद हमदान यांच्या शेजारी बसले. लोक दुखावले याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. छापण्याचा हक्क सोडला नाही. हमदान यांनी सर्वांसमक्ष माफ केलं. दोन माणसांत एवढं झालं, यात वाईट काय?’

‘दोघंच असते तर काहीच नाही. जीवे मारण्याच्या धमक्या येत होत्या, आणि ही भेट घडवण्यात सरकारचा मंत्री होता. ती दिलगिरी मनापासूनची की भीतीपोटी, हे ऐकणाऱ्यानं कसं ओळखायचं? ज्या साध्या मुसलमान माणसाला खरंच लागलं होतं, त्याच्या पदरात काय पडलं? धमक्या देणाऱ्यांनी त्याचीही माफी हिरावून घेतली.’

‘सरकारनं काय करायचं होतं मग?’

‘नॉर्वेच्या घटनेचं कलम १०० वाचा. २००४मध्ये ते नव्यानं लिहिलं. खुल्या, जाणत्या चर्चेला वाव राहील असं वातावरण घडवणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं त्यात आहे. मंत्र्यानं आधी ठणकावून सांगायचं, की या माणसाच्या केसालाही धक्का लागू देणार नाही. माफीचं त्याचं तो बघेल.’

‘आणि मैमनाचे शिपाई? ठणकावण्याची किंमत त्यांनी मोजली असती.’

‘हो. त्यांच्या आईसमोर मला हे बोलवेल का, माहीत नाही. तरी मंत्र्यानं बोलायला हवं होतं. नॉर्वेच्या प्रेस असोसिएशनचे तेव्हाचे सरचिटणीस पेर एडगर कोक्वोल्ड सेल्बेक यांच्या बाजूनं बोललेच ना! धमक्या त्यांनाही आल्या.’

‘समज, मंत्रीही तसंच बोलला असता, आणि सेल्बेक यांनी तरीही माफी मागितली असती तर?’

‘मग ती मी खरी मानली असती.’